धवलारीण आत्या आणि माझं हसणं

आमची धवलारीण आत्या भर मांडवात विहिणीला तोंडावर वाट्टेल ते बोलायची, आणि विहीण पदर तोंडाला लावून म्हणायची, "अजून बोला ना!" आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या मंत्रांइतकाच धवलारणीच्या, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईच्या, गाण्याला मान. तांदळाच्या पिठाचा चौक भरला की ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसणार, देवांना, पितरांना, मामा-मावश्यांना एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून बोलावणार, आणि मधेच व्याह्यांची खेचणार. पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांतून तिला आवतणं यायची. तिचं खरं नाव फक्त रेशन कार्डावर होतं. नात्यानं ती माझ्या वडिलांची चुलतबहीण, पण सगळा मुलूखच तिला आत्या म्हणायचा.

दुसऱ्याला चिडवायच्या आधी ती स्वतःला घ्यायची. "माजे तोंडान दोन दात, न त्यांचाबी आपसान बोलनं नाय," असं म्हणून दोन्ही दात दाखवायची. मांडव हसला, की मग विहिणीकडे वळायची. एकदा एक विहीणबाई गडद लिपस्टिक लावून आल्या आणि चहा प्यायल्या. आत्यानं तिथल्या तिथे ओळ जुळवली, की इहीनबायची निम्मी लाली कपाला लागली, आता फोटोला कपालाबी बाजूला उभा करा. त्या बाईंनी खरोखर कप हातात घेऊन फोटो काढला. अजून त्यांच्या हॉलमध्ये लावलेला आहे म्हणतात.

आणि जी माणसं समोर नाहीत त्यांच्यावर ती गायची नाही. एका हळदीला नवऱ्यामुलाची काकू फोन आला म्हणून बाहेर गेली, तर आत्यानं ओळ अर्ध्यात सोडली आणि विड्याचं पान लावत बसली. बायका म्हणाल्या, "म्हना ना पुढं." तर म्हणे, "ती येवदे. पाठीमागं बोललं तं ती चहाडी." काकू आली, खुर्चीत टेकली, आणि मग तिची अशी काही खेचली की बिचारी हसून हसून परत बाहेर गेली. मी तेव्हा शेजारीच बसलेली होते. ऐकलं सगळं, डोक्यात काही शिरलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी लग्नानंतर कामोठ्यात राहते आणि पनवेलला एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. कॉलेजात गेल्यावर मी आमच्या बोलीतलं 'हाय', 'नाय' सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे काय, लपवून ठेवलं. सासरी आईचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलायचे. अशा बाईनं ब्लॉग काढला तर तो कसा असणार? नाव ठेवलं 'मनाचे किनारे'. पहिल्या लेखाचं शीर्षक, सांगायला लाज वाटते, 'अस्तित्वाच्या सांजवेळी'. वाचक अकरा. त्यातला एक नवरा, तो न उघडताच लाइक करायचा.

मग कधीतरी चुलतभावाच्या हळदीहून आले आणि आत्या अजून कानात असतानाच लिहायला बसले. लिहिलं काय, तर मी दातांच्या दवाखान्यात लोकांना "घाबरू नका, काही दुखत नाही" असं दिवसभर सांगते आणि माझी स्वतःची अक्कलदाढ दोन वर्षं ठणकतेय, कारण मला डॉक्टरांची भीती वाटते. एका दमात लिहून झालं. लोक धो धो हसले. डॉक्टरांनीही वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवून दाढ काढली, त्यावर आणखी एक लेख झाला. 'किनारे' बुडाले, वाचक वाढत गेले. पनवेलच्या एका महिला मंडळानं मला बोलावलं, शाल दिली, आणि एका बाईंनी विचारलं, "ही शैली तुम्हाला सापडली कुठे?" मी मान तिरकी करून म्हटलं, "उपजतच असावी." तोंड आहे की काय आहे! आधी स्वतःला घ्यायचं, मग जगाला, ही चाल सरळ सरळ आत्याची. तिचं नाव घ्यायला मला किती वेळ लागणार होता? पण धवलारणीकडून शिकले असं ती शाल पांघरून सांगणं मला कमीपणाचं वाटलं.

इथवर तरी नुसती कृतघ्नता होती. पुढचं वाईट आहे.

एका मोठ्या घरच्या लग्नाला आम्ही दोघी एकाच रिक्षातून निघालो होतो. आत्या एकदम माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "रेखे, आताशा मना नावां निसटतान. गानी हायेत सगली, पन मानसांची नावां जातान. कोनाला सांगू नको. तू माजे जवल बस. मी तुज्याकडं बगली का नाव सांग." मी म्हटलं, "आत्या, काळजीच करू नको." हॉलवर पोचल्याबरोबर दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतली. ती निर्धास्त होऊन चौकाशेजारी बसली, मी तिला चिकटून. लेखाला कामी येईल म्हणून मी रेकॉर्डिंगही चालू केलं.

हॉल हायवेलगतचा, एसी, कोपऱ्यात डीजे. आत्यानं सुरुवात झकास केली. देव झाले, पितर झाले, वरमाईची साडीही झाली. मग नवरीच्या मामाचं नाव आलं आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून एक वाक्य टिपत होते. तिनं मागचीच ओळ परत म्हटली. पुन्हा पाहिलं. पुन्हा तीच ओळ. डीजेवाल्यानं चेष्टेत एक ढुम वाजवला आणि हॉल फिसकन हसला. तेव्हा मी मान वर केली. मला कळलं काय झालंय ते. मामाचं नाव माझ्या समोर स्क्रीनवर होतं. मी ते सांगितलं नाही. किती वेळ? तिची आणखी एक ओळ होईपर्यंत. कारण प्रसंग रंगत होता, आणि मला तो आणखी थोडा रंगायला हवा होता. देवाशपथ सांगते, दुसरं काही कारण नव्हतं. मीसुद्धा हसले. मग तिनं माझ्याकडे वाकून मला हाक मारली, तेव्हा नाव सांगितलं. तिनं गाणं नीट शेवटाला नेलं आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

घरी आल्यावर मी लेख लिहिला, 'अडकलेली टेप'. आमच्या बोलीत लिहिलं. जी बोली मी इतकी वर्षं गॅलरीत दार लावून बोलले, ती पहिल्यांदा कागदावर आणली ती तिला हसण्यासाठी. नवऱ्यानं वाचून भुवया वर केल्या. मी म्हटलं, "नाव कुठे घेतलंय तिचं?" तो म्हणाला, "धवलारीण, दोन दात, पनवेल. आधार नंबर तेवढा राहिला." तरी मी टाकला. माझा एकही लेख तेवढा वाचला गेला नव्हता. गावागावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, मलाच चार ठिकाणांहून परत आला, आणि मी चारही ठिकाणी हसण्याच्या इमोजी टाकल्या.

त्या लग्नसराईत तीन घरांनी आत्याचं आवतण मागे घेतलं. बेलपाड्याहून एकजण स्वतः आला, चांगला माणूस, अवघडून म्हणाला, "आत्या, तुमी आता आराम करा. पोरांनी कीबोर्डवाले सांगितलेत." मानाची साडी आणि नारळ मात्र घेऊन आला होता. आत्यानं दोन्ही परत दिलं. "न गाता नारल घेवाला मी काय देव हाय?" म्हणाली. हे मला तन्वीनं, तिच्या नातीनं, फोनवर सांगितलं. पुढे म्हणाली, "आजी तुला बोलावते. तू लिहिलंयस ते वाचून दाखव म्हणते." आत्याला वाचता येत नव्हतं.

मी गेले. आत्यानं चहा ठेवला, खारी काढून दिली, आणि समोर बसली, लग्नात बसायची तश्शी. मी मोबाइल उघडून वाचायला लागले. डीजेचं वाचलं, एसीत कुडकुडणाऱ्या करवल्यांचं वाचलं. ती हसली, मोकळी हसली. "ही करवल्यांची बेस हाय," म्हणाली. मी पुढे वाचत गेले आणि तिचा भाग आला तसा सफाईनं गाळून जेवणाच्या पंगतीवर उडी मारली. ती ऐकत राहिली. संपलं तेव्हा म्हणाली, "न टेपचा?"

माझ्या हातातली खारी चहात पडली. तन्वीनं तिला आधीच सगळं वाचून दाखवलं होतं, तेही दोनदा. मी काहीतरी बोलायला लागले, की आत्या, तसं नाही, लोकांना तू आवडतेस म्हणून. तिनं हातानंच थांबवलं. "मी विसरली ते खरा हाय. त्याचा मना काय नाय. मी चारचौघांना हसली जलमभर, मना कोनी हसला तं मी रडू?" मग म्हणाली, "पन त्यान मी हाय, डीजेवाला हाय, करवल्या हायेत. तू कुटं हाईस? तू माजे मांडीला मांडी लावून बसलेली व्हतीस ना गो?"

तिनं चहातली खारी चमच्यानं काढून दिली आणि विचारलं, "दाड दुकायची थांबली?" त्या विचारण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी लेख काढून टाकला आणि खरं काय घडलं ते लिहून टाकलं, नाव सांगायचं काम माझ्याकडे होतं हे सगळं. खाली प्रतिक्रिया आल्या, 'किती प्रांजळ!', 'ताई, तुमचा मोठेपणा'. मी पाप सांगत होते आणि लोक हार घालत होते. तिन्ही घरी जाऊन पाया पडले. एका घरच्या बाईंनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं लिहिणं सोडा हो, पण खरंच विसरतात ना त्या?" मी कप खाली ठेवला. आत्यानं कोणाला सांगू नको म्हणून मांडीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ते आता पनवेल-उरणला ठाऊक होतं. त्यानंतर तिला कोणीच बोलावलं नाही. मी जात राहिले, तीही चहा पाजत राहिली, माझे नवे लेख वाचून घेऊन कुठे बेस आणि कुठे नाय ते सांगत राहिली. गाणं मात्र कधी म्हटलं नाही. "म्हण ना एक" म्हटलं तर म्हणायची, "मांडव कुटं हाय?" दोन वर्षं अशी काढून ती गेली.

यंदा तन्वीची हळद झाली. आजीचं एकतरी गाणं वाजावं म्हणून तिनं सगळीकडे विचारलं, आणि कोणाकडेच काही निघालं नाही. आत्या नेहमीचीच, तिला कोण रेकॉर्ड करत बसणार? होतं ते फक्त माझ्याकडे, त्या दिवसाचं. मधला भाग कापता आला असता, दोन मिनिटांचं काम. हात काही चालला नाही, का कोण जाणे. होतं तसं पाठवलं, आणि हळदीला जाऊन पुढच्या रांगेत बसले.

चौकाशेजारी, आत्याच्या जागी, स्पीकर ठेवला होता. तिचा आवाज सुरू झाला आणि म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. देव झाले, पितर झाले. मग ती थांबली, तीच ओळ परत, पुन्हा परत. ढुम वाजला. आणि मग अगदी माइकजवळ, स्वच्छ, खुदकन एक हसू. त्यानंतर आत्याचा खालचा आवाज, "रेखे... रेखे, नाव सांग ना गो."

माझ्या शेजारी नवऱ्यामुलाकडची एक बाई बसली होती. तिनं वळून मलाच विचारलं, "ही मदीच कोन हसली गो?"

"मी," मी म्हटलं.