आजोळची चौकशी

"आ कर राजा," म्हणत मी टॉर्च लावला. दोन वर्षांच्या बाळूचा हा कितवा तरी न्यूमोनिया होता. कानही वाहत होते. घशात मला टॉन्सिल दिसलेच नाहीत.

टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी. सतत आजारी पोराच्या त्या सुजलेल्या असतात. इथे जागा सपाट होती. कॉलेजातल्या एका सरांनी अशा घशाबद्दल बजावून सांगितलं होतं. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. सरांचा शब्द मी सहसा विसरत नसे.

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात होतो. बाळू शिरड शहापूरचा. त्याचा थोरला भाऊ असाच गेला होता.

"घराण्यात कुणाला असा आजार?" मी वडिलांना विचारलं.

"न्हाई साहेब. सात पिढ्यांत न्हाई."

ते खरंच सांगत होते. पण आपल्याकडे घराणं म्हणजे बापाचं.

"आणि हिच्या माहेरी?"

"तिच्या माहेरचं काहून काढून राहिले?" बाळूची आजी, बापाची आई, दारातून म्हणाली. "लेकरू आमचं हाय. एक गेलं, हे बी असं. दुसरं लग्न करावं म्हन्तो आमी आता पोराचं."

बाळूची आई गंगा खाली मान घालून उभी होती.

"बाई, भाऊ किती तुम्हाला?"

"एकच राहिला. दोघं लहानपणीच गेले, असेच खोकून खोकून. आमी बहिणी धडधाकट."

काही मुलग्यांच्या रक्तात जंतूंशी लढणारं गॅमा ग्लोब्युलिन तयारच होत नाही. त्यांचे टॉन्सिलही वाढत नाहीत, हेच सरांनी सांगितलं होतं. दोष आईकडून येतो. आई मात्र निरोगी असते.

बाळूचं रक्त तपासायला औरंगाबादला पाठवू का, असं मी दवाखान्यातल्या वरिष्ठ डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "अहो, पेनिसिलिन द्या. औरंगाबादला रक्त कशाला? पुस्तकातले आजार हिंगोलीला उतरत नसतात."

"सर, टॉन्सिल नाहीत."

ते उठले, स्वतः टॉर्च लावून बराच वेळ बघत राहिले. "पाठवा," म्हणाले.

रिपोर्ट आला. गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नव्हतंच. आता दर महिन्याला त्याचं इंजेक्शन, जन्मभर.

"हे आलं कुठून?" आजीने विचारलं.

गंगाने माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगून चालणार नव्हतं. गंगाच्या बहिणींच्या मुलांनाही हा धोका होता.

"आईकडून, मावशी. पण तिला माहीत नव्हतं, तिच्या हातातही नव्हतं. आणि तिनं भावांचं सांगितलं नसतं तर हेही गेलं असतं."

 आजीने पदराने बाळूचा कान पुसला आणि ती निघून गेली.

पुढच्या महिन्यात इंजेक्शनला ती स्वतः आली. सोबत गंगाची बहीण, कडेवर पोरगं.

"ह्याचा बी घसा बघा. आमचंच हाय हे," आजी म्हणाली.

दोन्ही टॉन्सिल जागेवर, बोराएवढे. रक्तही ठीक निघालं. दुसऱ्या लग्नाचा विषय मी पुन्हा ऐकला नाही. बाळू शाळेत जाऊ लागला, तेव्हा आजीने पेढे आणले.

पुढे एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले. प्रतिकारशक्ती सारखीच खचलेली, तरी एकाला जंतू लवकर गाठायचे, दुसऱ्याला उशिरा. त्यातही रक्ताच्या वारशाचा थोडा हात असतो, असं वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही. माझ्या ओपीडीत घराण्याची चौकशी तोवर आजोळापासूनच सुरू होत होती.