सासूबाईंचे विरजण

गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या नलूताई आगाशे सासूबाईंनी दिलेले विरजण रोज थोडे राखून दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावीत. नोकरीच्या काळातही हा क्रम मोडला नाही. ते विरजण त्यांनी कधी कोणाला दिलेही नाही. दसरा तोंडावर आला, शेजाऱ्यांनी श्रीखंड सांगून ठेवले, आणि दही लागेनासे झाले.

त्यांना स्वस्थ बसवेना. झाकण उचलायचे, पातेले कलते करून पाहायचे, पुन्हा झाकायचे. विरजण वाढवून पाहिले; दूध तसेच पातळ राहिले.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी भाची इरावती दादरहून आली. ओट्यावरच्या खुंटीला, जेमतेम लागलेल्या थोड्याशा दह्याचा चक्का फडक्यात टांगला होता. त्याचे पाणी दुधाच्या पातेल्याशेजारीच ठिबकत होते.

“मावशी, हे इथे टांगतेस?”

“मग काय कफ परेडला कोळ्यांनी वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी टांगू?”

“अगं, दह्याच्या जिवाणूंना विषाणू लागलाय. तो या पाण्यात असतो. तू विरजण वाढवलंस, तसा तोही वाढला.”

“म्हणजे सगळं मेलं?”

“सगळं सहसा मरत नाही. एखादा जिवाणू वाचतो आणि विषाणूचा तुकडा आपल्या जनुकांत जडवून ठेवतो. त्यावरून आरएनएची प्रत निघते. तोच विषाणू पुन्हा शिरला की ती प्रत त्याला हेरते आणि सोबतचं प्रथिन त्याला कापून टाकतं. पुढच्या पिढ्यांना हे जन्मतःच मिळतं.”

“ते वाचलेले कुठे सापडतील?”

“सापडले तर नासलेल्या पातेल्यातच.”

नलूताईंनी मोरीकडे पाहिले. आधीची सगळी पातेली त्यांनी उकळत्या पाण्याने घासून काढली होती. आजचे तेवढे ओतायचे राहिले होते.

त्यातला चमचाभर भाग ताज्या दुधात घालून त्यांनी पातेले गॅलरीत, चक्क्यापासून दूर ठेवले. शेजाऱ्यांना श्रीखंडासाठी नाही म्हणून सांगितले. पातेल्यातून पातेल्यात चमचा जात राहिला. दसरा उलटून गेल्यावर एका सकाळी साय हलेना. त्यांनी बोट लावून चाखले आणि इरावतीला फोन लावला.

“सासूबाईंचंच आहे का गं हे?”

“त्यांचंच. आजारातून उठलेलं.”

वारसा जपणे म्हणजे त्याला धक्का लागू न देणे, अशी नलूताईंची आयुष्यभराची समजूत होती. या वारशात आता शत्रूचाही अंश होता, आणि त्याच्याच बळावर तो टिकणार होता. त्यांची तगमग तरीही थांबेना. पुन्हा लागण झाली तर? वाटी भरून त्या शेजारच्या सुंदराबाईंच्या दाराशी गेल्या.

“विरजण आहे. रोज लावत जा. माझं गेलं तर तुमच्याकडून नेईन.”