सर्व्हरवरचं हिरवं पाकीट

यौ ह्वेइ-जूला कुणी विचारलं, तू करतेस काय, तर ती म्हणायची, "म्हाताऱ्यांचे फोन सांभाळते." ऐकणाऱ्याला वाटायचं, हिचं दुरुस्तीचं दुकान असेल. तिच्याकडे तर हातात धरण्याजोगा एकही फोन नव्हता. च्याई शहराच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या गावातल्या वृद्ध सेवा केंद्रात मागच्या खोलीत एक सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात तिने आठ अँड्रॉइड फोन वसवले होते. प्रत्येकाचा वेगळा कंटेनर, म्हणजे सर्व्हरमधलाच एक बंदिस्त कप्पा. आतून अस्सल फोन, बाहेरून काहीच नाही.

हा उपद्व्याप हौसेने केलेला नव्हता. गावातल्या आठ जणांना डायलिसिससाठी शहरात जावं लागे. गावात टॅक्सी फिरकत नाही. रुग्णांना नेणारी गाडी एका अ‍ॅपवरच मिळे, ते अ‍ॅप एका फोनवर एकाच माणसाला ओळखे, आणि चार वाजता बुकिंग उघडलं की दुसऱ्या दिवशीच्या गाड्या हातोहात संपत. थरथरत्या बोटांना ते कसं जमणार? म्हणून सगळं ह्वेइ-जूवर आलं होतं, आणि आदल्या दिवशी चार वाजता आठही फोनांवरून तीच गाड्या ठरवायची.

त्या दुपारी ती माशाचं सूप पिऊन परतली आणि पाहते तो पडद्यावरचे आठ फोनांचे आठही चौकोन काळे. सर्व्हर चालू होता, फोन मात्र एकही उठत नव्हता.

कारण लवकर सापडलं. या फोनांना स्वतःचं काळीज नसतं. सर्व्हरच्या कर्नलवरच, म्हणजे त्याच्या प्रणालीच्या गाभ्यावरच, ते जगतात. त्या कर्नलमध्ये बाइंडर नावाचा एक भाग लागतो, त्याच्यामार्फत अँड्रॉइडचे अवयव एकमेकांशी बोलतात. अपडेटबरोबर नवं कर्नल आधीच येऊन बसलं होतं, सर्व्हर पुन्हा चालू झाला की तेच लागू होणार होतं, आणि त्यात बाइंडर नव्हता. सवडीने बघू म्हणून तिने सर्व्हर बंद करून चालू करणं टाळलं होतं. मग आज तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू कसा झाला? वीज गेली नव्हती. कुणी बाहेरून घुसलं की काय? घड्याळाकडे बघायचा तिला धीर होईना.

तेवढ्यात तिची नजर सर्व्हरवरच्या हिरव्या पाकिटावर गेली. क्वाइ-क्वाइचं, मक्याच्या कुरकुरीत खाऊचं. नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. बँका असोत, इस्पितळं असोत, इथे यंत्राच्या डोक्यावर हे पाकीट असतंच; हसणारेसुद्धा ठेवतात. हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर यंत्र आजारी पडतं, आणि तारीख उलटली तर रुसतं. सकाळी होतं ते पाकीट फिकटलेलं होतं. हे कोरं करकरीत होतं.

पुढच्या खोलीत म्हातारा श्यू केंद्रात येणारे फोन उचलायला बसे. जन्मभर बस चालवलेला माणूस. सगळे त्याला आपेक, म्हणजे मोठे काका म्हणत.

"आपेक, हे पाकीट कुणी बदललं?"

"मी! जुन्याची तारीख उलटून गेली होती. एवढी शिकलेली पोर तू, आ-जू, आणि लक्ष कुठे असतं तुझं?"

"बदलताना हात कुठे लागला?"

आपेकचा चेहरा उतरला. "पाकीट मागे घसरत होतं गं. ते टेकवायला गेलो तर बटण दाबलं गेलं. दिवा विझला. मग मीच परत दाबलं, लागला की लगेच! मला वाटलं, झालं."

"झालं? काय झालं? शहाण्यासारखं वाग हे त्या यंत्राला नाही, तुम्हाला सांगायला हवं होतं!"

तिने सर्व्हर पुन्हा चालू केला आणि सुरुवातीच्या यादीतून जुनं कर्नल निवडलं. पंखे घोंगावले. बाइंडर सापडला! पण आठही फोन एकदम उठवले तर यंत्र गुदमरे, एकेकच उठवावा लागे, आणि चार वाजायला आले होते.

"पहिला कुणाचा उठवू?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"आमच्या हिचा शेवटी ठेव," आपेक दारातून म्हणाला. "चूक माझी आहे."

ह्वेइ-जूचा राग अजून निवळला नव्हता. ती नाही म्हणाली नाही.

चार वाजले. पहिली गाडी मिळाली, दुसरी मिळाली. तिची बोटं भराभर चालत होती. सातवी मिळाली तेव्हा आठवा फोन नुसता उजळत होता. अ‍ॅप उघडलं. उद्याच्या सर्व गाड्या भरल्या होत्या.

तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा बघूनच आपेकला कळलं. त्याने खिशातून आपला फोन काढला आणि बायकोला लावला.

"ऐक गं, उद्या आपण स्कूटरवर जाऊ. नाही, नाही, कुणाची चूक नाही, गाड्या भरल्या. जाताना काय, जाशील आरामात. येताना? येताना चक्कर येते, ठाऊक आहे मला. पाठीशी बांधून आणीन तुला. नातवाला नाही का आणायचो? पण झोपायचं नाही हं वाटेत. बोलत राहायचं माझ्याशी."

'आधी तुमच्या घरचा उठवते' एवढं म्हणायचं ह्वेइ-जूने रागात टाळलं होतं. केंद्र बंद व्हायची वेळ झाली तरी ती उठली नाही. कुणीतरी आपली गाडी रद्द करील या आशेने ती तेच पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली.