खाऱ्या मातीचे थर

अक्काने मला तीस वर्षं घरात झोपू दिलं नाही. सख्ख्या भावाला! दोंडाईच्याजवळच्या तिच्या खेड्यात मी गेलो की ती खापरावरचे मांडे करायची, आग्रह करकरून वाढायची, आणि निजायची वेळ झाली की माझी खाट बाहेर पडवीत, पत्र्याखाली. वैशाखातसुद्धा. खान्देशातला उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला नाही, त्याने मला उन्हाळ्याच्या गोष्टी सांगू नयेत. आत मातीच्या धाब्याचं घर गार, आणि मी बाहेर पापडासारखा भाजतोय. "तू आते पाव्हणा शे, भाऊ," ती म्हणायची. लागायचं मला ते. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. ती मला पाहुणा म्हणते म्हणजे काय?

धाबं म्हणजे लाकडी सर, तुळयाच त्या, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर काटक्या, आणि त्यावर मातीचं जाड सपाट छप्पर. पाऊस मुरू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकायची, पाणी मारून चोपायची. जुनी कोणी काढत नाही. जुनीवरच नवी. अक्काचं धाबं गावात नावाजलेलं. येईल त्याला ती सांगायची, "एक थेंब बी गळस नही."

मी नवा नवा मास्तर होतो तेव्हा तिकडे मराठवाड्यात मोठा भूकंप झाला. आम्ही पाच-सहा शिक्षक मदतीला गेलो. तिथली घरं दगडमातीची, आणि वर असंच मातीचं जड छप्पर. जमीन हलली ती थोडा वेळ. माणसं मेली ती छपराखाली. एका ढिगाऱ्यात छपराचा एक ढेपसा उभा कापल्यासारखा पडला होता. त्यात थर दिसत होते. पांढरा, करडा, पुन्हा पांढरा. मी मूर्खासारखा ते मोजायला लागलो. शेजारी एक बाई उभी होती. तिची दोन माणसं अजून खाली होती. ती रडत नव्हती. थरांकडे बघत म्हणाली, "दर वर्षी मीच टाकली हो माती. गळू नये म्हणून."

ती बाई तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. वर्गात फळ्यावर रेघा ओढायला लागलो की मागे येऊन उभी राहते. शहरात, देवपुरातल्या माझ्या स्लॅबच्या घरातसुद्धा येते.

परतताना मी थेट अक्काकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्या रात्री आतच झोपलो, तिच्या घरातलं माझं ते शेवटचं आतलं झोपणं. सकाळी डोळे उघडले तर वर त्याच कड्या, त्याच काटक्या. कोपऱ्यात दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, अंथरुणाला खिळलेले. पत्र्याखाली नेलं की त्यांचा जीव घुसमटायचा, धाब्याखालीच काय ते बरं वाटायचं. मग हिला सांगून ही करणार काय? अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे माझी छातीच झाली नाही. वर पुढच्या उन्हाळ्यात अक्काने निरोप धाडला तेव्हा मुकाट्याने गेलो आणि मातीची घमेली उचलली. ज्याने ते थर पाहिले होते, त्यानेच! पुढे दर वर्षी. घमेलं वर चढवताना ती बाई शिडीपाशी उभी असायची.

त्या छपराची मला भीती वाटायची आणि त्याखाली झोपू देत नाही याचा रागही यायचा. आहे मी असा.

गेल्या चैत्रात, दाजी जाऊन दोन वर्षं झाल्यावर, भर दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो आणि जमीन हलली. फार नाही. फळीवरची भांडी खणखणली, आणि कडीच्या फटीतून मूठभर माती अक्काच्या ताटात पडली. बस्स. माझ्या तोंडून तीस वर्षांचं सगळं भडाभडा बाहेर आलं. ती बाई, ते थर, सगळं. "अक्का, हे धाबं तुझा जीव घेईल गं. आणि मी त्यावर माती टाकत आलो."

अक्काने भातावरची माती बोटाने बाजूला केली. "माले ठाऊक शे."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. तिकडून आलो त्या रात्री मी झोपेत ओरडत होतो म्हणे. माती काढा, आत माणसं आहेत, माती काढा. ती पहाटेपर्यंत माझ्या उशाशी बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझी खाट पडवीत नेली.

"आणि तू? तू का आत झोपायचीस?"

"त्यासले सोडीसन कोठे जाऊ?"

"मग माती तरी का टाकत राहिलीस?"

माती नाही टाकली तर पाणी मुरतं, पाणी मुरलं की सर कुजतात, मग पडायला भूकंपाचीही गरज नाही, असं ती शांतपणे म्हणाली. पत्रे टाकले असते तर दाजी दोन उन्हाळेसुद्धा जगले नसते.

मी चिडलो. "मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

"तू तरी कोठे सांगं?" अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावातले दोन गडी घेऊन मी धाब्यावर चढलो. कुदळ मारण्याआधी हाक मारली, "अक्का, आधी बाहेर हो." ती निमूट बाहेर आली, पडवीत माझ्या खाटेवर बसली. वरची माती निघायला लागली. पांढरी, करडी. वरचे तीस थर माझ्या हातचे होते. ती बाई होतीच.

ऊन चढलं. खालून अक्काची हाक आली. वाकून पाहिलं तर पदराने तोंड पुसत ती वरच्या पत्र्याकडे बघत होती.

"इतला तपस इठे," ती म्हणाली. "तीस वरीस कसा झोपना रे भाऊ तू?"

आणि तिला रडू फुटलं. मी खाली उतरलो नाही. माती काढत राहिलो.