भरडायला दिले जव, दारात आली घरमालकीण

घरी बिअर करणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या शहाण्यांनो, “माल्टच्या तयार पाकाची बिअर कसली करतोस, आख्ख्या धान्याची कर” म्हणून तुम्हीच मला डिवचलंत ना? भोगतोय.

आज बिरवाडीच्या गिरणीत मोड आणून वाळवलेले जव दिले. बजावलं होतं, फक्त भरडा! गिरणीवाल्यानं मऊ पीठ करून ठेवलं. वर मलाच शिकवतो, “मोडाचं धान्य म्हंजी बाळाचं सत्त्वच ना? भरड बाधल त्याला.”

गरम पाण्यात त्या पिठाची खळ झाली. गाळणीतून थेंब उतरेना.

तेवढ्यात गिरणीतली बातमी घेऊन घरमालकीण दारात. “लगीन नाय तुझं, मग बाळ कुणाचं रे?”

बिअर म्हटलं तरी खोली जाणार, गप्प बसलो तरी जाणार. आता बोला ना, काय सांगू तिला?