पगडीचं दुसरं टोक

आमच्या घरी रोज सकाळी युद्ध पेटतं, आणि त्याला कारण एक लांबलचक निळं कापड.

माझा नवरा वायरमन. गेल्या वर्षी गुरुद्वाऱ्याच्या वायरिंगचं काम निघालं. दुपारी त्याला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवलं. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. ज्या बंगल्यात याला मागच्या दारानं आत घेतात, त्याच बंगल्याचे मालक वाकून वाढत होते. घरी आला तो बदलूनच. त्या दिवसापासून केसांना कात्री लावली नाही.

मन एका दुपारीत बदललं, पण डोकं काही ऐकेना. दाढी आली तीही कंजूष, इथे चार केस, तिथे दोन. कडं घालून पॅनलला हात लावायचा नाही, असं सुपरवायझरनं बजावलं, तर यानं कड्यावर काळी टेप गुंडाळली. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारीण रोज विचारायची, "नवऱ्याच्या डोक्याला लागलंय का गं? बँडेज दिसतंय."

पगडी बांधायच्या आधी कापड ताणून घड्या घालाव्या लागतात. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मी साफ सांगितलं होतं, "तुझा देव, तुझं कापड. मला त्यात ओढू नकोस." मग तो टोक दाराच्या कडीला बांधायचा.

परवा घड्या जमत आल्या होत्या, तेवढ्यात लेक दप्तर घेऊन धाडकन दार ढकलून बाहेर पळाली. कापड त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडलं. त्यानं ते उचललं, कपाळाला लावलं आणि मटकन खाली बसला.

"नाही जमत मला. गुरुद्वाऱ्यातले भाईजी म्हणतात घाई नको, मन साफ ठेव. पण आरशात बघितलं की सोंग घेतल्यासारखं वाटतं. कात्री दे."

हेच ऐकायला वर्षभर माझे कान आसुसले होते. कात्री हाताशीच होती. आणि मला असा संताप आला म्हणता!

"सासूबाईंची बोलणी वर्षभर कुणी खाल्ली? शेजारणीचे टोमणे कुणी ऐकले? ते सगळं फुकट? कात्री दे म्हणे!"

कडीची गाठ मी सोडली आणि टोक मुठीत घट्ट धरलं.

"मला अजून यातलं काही पटलेलं नाही, सांगून ठेवते," मी म्हणाले. "बघत काय बसलास? ओढ."