भस्म लावल्यावरची तपासणी

विमान उडवायला शिकवण्यात माझी हयात गेली, आणि लोकांवर खेकसण्यात. निवृत्त होऊन लातूरला स्थायिक झालो, तेव्हा कंधारचा एक पंपदुरुस्तीवाला मला शोधत आला. पाच-सहा वर्षं खपून त्याने शेडमध्ये एकट्यापुरतं विमान बांधलं होतं. उडवायला तो रीतसर शिकला होता, कागदपत्रंही झाली होती. पहिल्या उड्डाणाला जमिनीवरून लक्ष ठेवणारं जाणतं माणूस त्याला हवं होतं.

महिनाभर मी त्याला धावपट्टीवर नुसतं पळवलं. एकच गोष्ट घोकून घेतली: अर्धी पट्टी संपेपर्यंत वेगाचा काटा हलला नाही, तर थांबायचं. पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, तेव्हा काटा वेग दाखवतो. वेग कळला नाही तर उतरताना विमान हातातून सुटतं आणि माणूस मरतो. मी त्याला हे याच शब्दांत सांगत असे.

सोमवारी सकाळी उमरी-उदगीरचे पाहुणे पट्टीकडेला जमले. माझी तपासणी आटोपल्यावर त्याची आई कालवलेल्या भस्माची वाटी घेऊन आली. त्यांच्याकडे नवं वाहन भस्माशिवाय जागचं हलत नाही. तिने विमानाच्या नाकाला लावलं, चाकांना लावलं, नळीच्या टोकावरही अंगठा फिरवला. मी ते पाहिलं. पण म्हातारी लेकासाठी काहीतरी पुटपुटत होती. उभ्या जगाला टोकणारा मी टोपी काढून गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

विमान सुटलं. अर्ध्या पट्टीवर चाकं हलकी होत असतानाच इंजिनाचा आवाज पडला आणि ते पुढे जाऊन थांबलं.

"भ्याला गडी," त्याचा मामा म्हणाला. पाहुणे हसले.

"काटा हलंना, सर," वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

काट्याकडची रबरी नळी सोडवून त्याने उलटी हवा मारली, तेव्हा पंखाखालच्या नळीतून ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा गोळा बाहेर पडला. तो मुठीत लपवून त्याने पाहुण्यांना सांगितलं, "इंजिन गार हाय, आज न्हाई जमत." आईच्या नजरेतून मात्र तो गोळा सुटला नव्हता. ती मटकन खाली बसली. चूक माझी आहे, दिसत असून मी बोललो नाही, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवारी पाहुणे नव्हते. माझी तपासणी होत आली आणि त्याची आई वाटी घेऊन येताना दिसली. विमानापासून चार हात लांब थांबून ती म्हणाली, "सर, कुठं लावायचं न्हाई, ते आधी सांगा."

मी एकेक जागा दाखवली. तिने फक्त नाकावर तीन बोटं ओढली आणि बाजूला झाली.

"आता परत एकदा सगळं तपासा," ती म्हणाली. "माझा हात लागलाय."

मी गुडघे टेकून पहिल्यापासून सगळं तपासलं. मग तो उडाला.